'जळके ऑइल' आणि लहान धुराडी : टाकाऊ तेलाच्या इंधनवापराचा इतिहास (कोकण किनारपट्टीच्या संदर्भात)

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याचा अलीकडच्या काळातील पर्यावरणीय इतिहास लिहावयास घेतला की मोठ्या प्रकल्पांची नावे आपोआप पुढे येतात. रत्नागिरी औद्योगिक क्षेत्रातील नियोजित तांबे प्रकल्पाविरुद्ध १९९३ साली उभे राहिलेले आंदोलन व त्यानंतर त्या प्रकल्पाचे तमिळनाडूतील तुतिकोरीन येथे झालेले स्थलांतर. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचा १९९२ मधील सामंजस्य करार, १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झालेली वीजनिर्मिती आणि २००१ मध्ये तीत पडलेला खंड. जैतापूर येथील नियोजित अणुऊर्जा प्रकल्प. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी व दाभोळ खाडीतील मासेमारी यांचा दीर्घकाळ चाललेला वाद. या प्रत्येक प्रकरणास नाव आहे, तारखा आहेत, मोर्चे व निवेदने आहेत. अभ्यासकास लागणारी कागदपत्रे त्यामुळे विपुल उपलब्ध होतात.

प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र ज्याला उंच चिमणी नाही अशा धुराचा आहे. वाहनांच्या, मच्छीमार नौकांच्या व कारखान्यांतील यंत्रांच्या इंजिनांतून काढलेले वंगणतेल, तसेच जहाजांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्यांच्या तळाशी साचणारा तेलकट गाळ इंधन म्हणून जाळण्याची प्रथा जगभर आहे आणि भारतातही आहे. वीटभट्ट्या, ओतकामाच्या भट्ट्या, डांबरमिश्रणाची संयंत्रे व लहान बॉयलर ही तिची नेहमीची ठिकाणे होत. कारण साधे आहे. अशा तेलाचे उष्मांकमूल्य किलोमागे सुमारे दहा हजार किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ फर्नेस ऑइलइतकेच असते आणि ते मिळते मात्र त्याहून पुष्कळ स्वस्त.

या प्रथेच्या आरोग्यविषयक परिणामांवर रसायनशास्त्र व वैद्यकशास्त्र यांत बरेच लेखन झाले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात काय भर घालावी, असा प्रश्न सहकारी प्राध्यापक विचारतात व तो रास्तही आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या तेलाचा इतिहास हा मुख्यतः त्याच्या नावांचा इतिहास आहे. वंगण, वापरलेले तेल, टाकाऊ तेल, इंधन अशी नावे एकाच द्रवाला क्रमाने मिळत जातात. नाव बदलले की लागू होणारा नियम बदलतो आणि नियम बदलला की धुराची जबाबदारी एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. ही नावे कोणी दिली, केव्हा दिली आणि त्यांतून काय निसटले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

न उरणारे तेल व उरणारे तेल

कोकणात तेल जाळण्याची परंपरा जुनी आहे. खोबरेल हे खाण्याचे व देवापुढच्या समईचे तेल होते. उंडी व करंज यांच्या बियांचे कडू तेल घरातील व गोठ्यातील दिव्यांत जाळले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि या तेलांची जागा हळूहळू आक्रसत गेली. या सर्व तेलांत एक गोष्ट समान होती. दिव्यात घातलेले तेल जळून संपे. मागे उरे ती काजळी, आणि तिचाही उपयोग डोळ्यांत घालण्याच्या काजळासाठी व शाईसाठी होई. 'टाकाऊ तेल' ही संकल्पनाच त्या अर्थव्यवस्थेत संभवत नव्हती.

इंजिनासोबत आलेले वंगणतेल या बाबतीत मूलतः वेगळे होते. ते जाळण्यासाठी नव्हतेच. धातूचे दोन भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून ते मध्ये राहते, काम करते, काळे पडते आणि संपूर्ण प्रमाणात नसले तरी बऱ्याच प्रमाणात शिल्लक उरते. गॅरेजमध्ये या उरलेल्या तेलाला 'जळके ऑइल' म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वस्तुतः ते तेल अद्याप जळालेले नसते. त्यात जळालेल्या इंधनाचे अवशेष मिसळलेले असतात. जळणे त्याच्या पुढच्या आयुष्यात यावयाचे असते.

स्वातंत्र्योत्तर काळात मच्छीमार सहकारी संस्था व शासकीय कर्जसाहाय्य यांच्या आधारे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील शिडाच्या होड्यांवर डिझेल इंजिने बसू लागली. पुढे ट्रॉलर व पर्ससीन नौका आल्या. मिरकरवाडा, हर्णै, जयगड, साखरी नाटे ही बंदरे यांत्रिक नौकांची बंदरे झाली. रस्त्याने एसटी, मालमोटारी, रिक्षा व दुचाकी वाढत गेल्या. जांभा दगडाच्या चिरेखाणींत हाताच्या हत्याराऐवजी यंत्र आले. या यांत्रिकीकरणाचा इतिहास लिहिताना उत्पादन, कर्ज, परवाने यांची चर्चा होते. प्रत्येक इंजिनाच्या तळाशी साचणाऱ्या काळ्या तेलाची चर्चा होत नाही. तरी त्या तेलाचे लोकांनी उपयोग शोधले होते. कुंपणाच्या खांबांना व वाशांना वाळवी लागू नये म्हणून ते फासणे, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून लावणे, पावसाळ्यात ओले लाकूड पेट घेईना म्हणजे त्यावर ओतणे, हे उपयोग ग्रामीण भागात सर्वांच्या परिचयाचे आहेत. राजकीय निषेधात विरोधकाच्या तोंडाला फासण्यासाठीही याच तेलाची निवड होते, हा भाग वेगळा. जे काळे, चिकट आणि फुकट मिळणारे आहे ते निरुपद्रवी असणार, असे या वापरात गृहीत धरलेले असते. तेल अंगाला लागले तर रॉकेलने पुसले की झाले, अशी कारागिरांची समजूत असते.

काजळीचे वैद्यकशास्त्र

या समजुतीस वैद्यकशास्त्राने दिलेला प्रतिवाद अडीचशे वर्षांचा आहे. लंडन येथील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढील वयात होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. विशिष्ट व्यवसाय व विशिष्ट कर्करोग यांचा संबंध दाखविणारी ही पहिली महत्त्वाची नोंद मानली जाते. मात्र इंग्लंडमध्ये मुलांना धुराड्यात चढविण्याची प्रथा परिणामकारकपणे थांबविणारा कायदा येण्यास १८७५ साल उजाडले. ज्ञान व नियम यांच्यामध्ये शंभर वर्षे गेली.

याच रोगाची दुसरी नोंद लँकेशायरच्या सूतगिरण्यांतून आली. तेथील म्यूल यंत्रांच्या चात्यांना घालावयाचे खनिज तेल कामगारांच्या कपड्यांवर सतत उडत असे. १९२२ साली साउदम व विल्सन यांनी मँचेस्टरमधील रुग्णांच्या आधारे या कामगारांतील वृषणकोशाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. या ठिकाणी धूर नव्हता, काजळी नव्हती, तेल केवळ त्वचेला लागत होते. त्या गिरण्यांत शुद्ध केलेले पांढरे तेल सक्तीचे करणारे विशेष नियम १९५३ साली झाले. या वेळचे अंतर एकतीस वर्षांचे.

मधल्या काळात, १९३३ साली, कुक, ह्यूएट व हीगर या संशोधकांनी कोळशाच्या डांबरातून बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य वेगळे केले. काजळी, डांबर व खनिज तेल या वरवर भिन्न दिसणाऱ्या वस्तूंमागे असलेले एक सामाईक कुटुंब त्यामुळे ध्यानात आले. बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने हे त्याचे नाव. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनातील तेलात ही द्रव्ये वापरागणिक साठत जातात. कोऱ्या तेलात ती अल्प असतात आणि काढून टाकलेल्या तेलात पुष्कळ. याचा अर्थ असा की तेलाच्या डब्यावरील माहिती वाचून त्याच तेलाच्या उत्तरायुष्याविषयी काही सांगता येत नाही.

धातूंचे असेच आहे. इंजिनाच्या झिजेतून लोह, तांबे, क्रोमियम येतात. झीज कमी करण्यासाठी घातलेल्या मिश्रकांतून जस्त व स्फुरद येतात. शिशाची कथा मात्र स्वतंत्र आहे, आणि ती इतिहासकारास विशेष बोधक वाटावी. शिसे मुळात वंगणातले नव्हेच. ते पेट्रोलमध्ये मिसळलेले असे आणि ज्वलनातून तेलात उतरे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत तपासलेल्या वापरलेल्या तेलात त्याचे प्रमाण दर दशलक्ष भागांत हजारोंच्या घरात आढळले होते. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले व टाकाऊ तेलातील शिसे त्यानंतर घटत गेले. त्या तेलासाठी कोणी काही केले म्हणून ते घटले नाही; शहरांच्या हवेसाठी व मोटारींतील उत्प्रेरकांसाठी घेतलेल्या निर्णयाचा हा आनुषंगिक लाभ होता. उलट, त्यापूर्वीच्या दशकांत उघड्या भट्टीत जाळल्या गेलेल्या तेलातील शिसे नाहीसे झालेले नाही. धातू जळत नाहीत. ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने वर जातात व आसपासच्या मातीत, छपरांवर, पाण्यात उतरतात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा होणारा परिणाम आता निर्विवाद आहे.

यापेक्षा गंभीर प्रश्न भेसळीचा आहे. काळ्या तेलात दुसरा कोणताही कचरा सहज लपतो. अमेरिकेतील मिसुरी राज्यात सत्तरच्या दशकात टाकाऊ तेलाच्या एका कंत्राटदाराने रासायनिक कारखान्याचा डायॉक्सिनयुक्त गाळ तेलात मिसळून ते मिश्रण धूळ बसविण्यासाठी घोड्यांच्या रिंगणात व रस्त्यांवर शिंपडले. घोडे मेले. टाइम्स बीच हे सुमारे दोन हजार वस्तीचे गाव १९८३ साली शासनाने विकत घेऊन कायमचे रिकामे केले आणि तेथील माती १९९६-९७ मध्ये दाहकात जाळण्यात आली. १९९९ साली बेल्जियममध्ये विद्युत रोहित्रांत वापरले जाणारे पीसीबीयुक्त तेल पुनर्वापराच्या चरबीत मिसळले गेले व पशुखाद्यामार्गे कोंबड्या आणि अंडी यांपर्यंत पोहोचले. क्लोरीन असलेली अशी द्रव्ये मंद किंवा अपुऱ्या आचेवर जळाली तर त्यांतून डायॉक्सिने निर्माण होतात. पीसीबी खात्रीने नष्ट करावयाचे तर सुमारे १२०० अंश सेल्सियस तापमान व त्या तापमानात वायूंचा किमान दोन सेकंद मुक्काम लागतो. वीटभट्टीचे तापमान सामान्यतः हजाराच्या आसपास असते आणि धूर किती वेळ आत राहिला हे मोजण्याचे साधन तेथे नसते.

न्हावा शेवा येथील १३३ कंटेनर

आतापर्यंतची उदाहरणे परदेशांतील झाली. भारतात हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो कोकणच्याच किनाऱ्यावरून, रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदरातून. या प्रकरणाचा काळ समजण्यासाठी १९८९ या वर्षाकडे पाहावे लागते. त्या वर्षी २२ मार्च रोजी घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बाझल करार स्वीकारला गेला. २६ मे रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. २८ जुलै रोजी भारत सरकारने पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम प्रसिद्ध केले. चार महिन्यांच्या अवधीत करार, बंदर व नियम या तिन्ही गोष्टी जन्मास आल्या. बाझल कराराच्या यादीत मूळ उपयोगास निरुपयोगी झालेली खनिज तेले हा एक स्वतंत्र वर्ग आहे. भारताने हा करार १९९२ साली मान्य केला.

पुढील काही वर्षांत बंदर वेगाने वाढले. कागदावरील नियम त्या वेगाने अमलात आले नाहीत. १९९५ साली वंदना शिवा यांच्या रिसर्च फाउंडेशन फॉर सायन्स, टेक्नॉलॉजी अँड नॅचरल रिसोर्स पॉलिसी या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने १९९७ साली प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. तिचा अहवाल २००१ साली आला व त्याच्या आधारे १४ ऑक्टोबर २००३ रोजी न्यायालयाने घातक कचऱ्याविषयी व्यापक निर्देश दिले. या कार्यवाहीच्या ओघात न्हावा शेवा येथे पडून असलेल्या १३३ कंटेनरांचा प्रश्न पुढे आला. १५ आयातदारांनी 'वंगणतेल' म्हणून आणलेला हा माल प्रत्यक्षात टाकाऊ तेल होता.

५ जानेवारी २००५ च्या आदेशाचे महत्त्व तीन अंगांनी आहे. एक तर, कागदावर लिहिलेल्या नावापेक्षा पिंपातील द्रवाची तपासणी निर्णायक मानली गेली. दुसरे, सावधगिरीचे तत्त्व व 'प्रदूषकाने किंमत द्यावी' हे तत्त्व यांचा आधार घेऊन विल्हेवाटीचा खर्च आयातदारांवर टाकण्यात आला. तिसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. हे तेल परत पाठवावे की येथेच नष्ट करावे, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने देखरेख समितीच्या शिफारशीनुसार दिले : ते समितीच्या देखरेखीखाली दाहकात जाळून नष्ट करावे.

म्हणजे जाळण्यायोग्य म्हणूनच ज्याला बाजारात किंमत होती, ते तेल अखेर जाळूनच नष्ट करण्याचा आदेश झाला. यात विसंगती आहे असे वरवर वाटते, परंतु ती नाही. भट्टीतील जाळणे व दाहकातील जाळणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दाहकात तापमान, वेळ व प्राणवायू यांवर नियंत्रण असते, निघणारा वायू धुतला व गाळला जातो, मागे उरणारी राख घातक कचरा म्हणूनच पुरली जाते आणि या सर्वांस पैसा लागतो. भट्टीत तेच तेल पैसा वाचविते. मराठीत दोन्हींस 'जाळणे' हाच शब्द आहे, आणि चर्चेत होणारा बराचसा गोंधळ या एका शब्दात सामावलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आकड्यांचा प्रवास

या याचिकेची सुनावणी चालू असतानाच, २००३ साली, घातक कचरा नियमांत दुरुस्ती होऊन 'वापरलेले तेल' व 'टाकाऊ तेल' यांच्या स्वतंत्र व्याख्या आल्या. इंजिन, गिअर, रोहित्र इत्यादींतून निघालेले व पुन्हा शुद्ध करण्याजोगे तेल ते 'वापरलेले तेल'. सांडलेले कच्चे तेल, तेलशुद्धीकरण कारखाने व जहाजे यांतील गाळ, पाणीमिश्रित तेल हे 'टाकाऊ तेल'. आणि ठरावीक मानकांत बसल्यास ते भट्ट्यांत इंधन म्हणून वापरता येईल, असे व्याख्येतच म्हटले आहे. मानकांत न बसणारे तेल विकू नये, दाहकात पाठवावे, असाही दंडक आहे. गंधकाम्ल व माती यांच्या साहाय्याने तेल शुद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत आम्लयुक्त डांबर मागे उरे. त्या पद्धतीसही याच दुरुस्तीने मज्जाव झाला. २००८ व २०१६ च्या नव्या नियमांनी ही चौकट पुढे चालविली.

मानकांचा तक्ता इतिहासाच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. टाकाऊ तेलापासून मिळणाऱ्या इंधनात दर दशलक्ष भागांत शिसे १००, आर्सेनिक ५, एकूण हॅलोजन ४०००, अशा मर्यादा त्यात आहेत. नेमके हेच तीन आकडे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८५ साली इंधन म्हणून जाळावयाच्या वापरलेल्या तेलासाठी ठरविले होते. तीन आकडे तंतोतंत जुळणे हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आकड्यांनीही स्थलांतर केलेले दिसते. पण प्रवासात काही सामान मागे राहिले. अमेरिकन तक्त्यात कॅडमियमची मर्यादा २ व क्रोमियमची १० आहे. आपल्या तक्त्यात कॅडमियम, क्रोमियम व निकेल यांची बेरीज करून ५०० ही एकच मर्यादा घातली आहे. तिन्ही धातूंची विषारीता सारखी नाही. एकत्र बेरीज केल्याने सर्वांत घातक धातू सर्वांत कमी घातक धातूच्या आड उभा राहू शकतो. शिवाय तेलात हॅलोजनचे प्रमाण १००० च्या वर गेले तर त्यात घातक कचरा मिसळला आहे असे गृहीत धरून ते खोटे ठरविण्याची जबाबदारी तेल बाळगणाऱ्यावर टाकणारी तरतूद अमेरिकन नियमांत आहे. टाइम्स बीचसारख्या अनुभवांतून गेलेल्या देशाला तिची गरज वाटली यात नवल नाही. ४००० हा आकडा आपल्याकडे आला, ते गृहीतक आले नाही.

गंधकाची मर्यादा ४.५ टक्के आहे. वापरलेल्या इंजिन तेलात गंधक इतके नसते. टाक्यांच्या गाळात ते अधिक असू शकते, आणि तक्ता मुख्यतः त्याच्यासाठी आहे हे मान्य केले पाहिजे. तरीही तुलना करून पाहावी. सागरी प्रदूषणविषयक आंतरराष्ट्रीय कराराने २००५ साली जहाजांच्या इंधनासाठी घातलेली पहिली जागतिक मर्यादा ४.५ टक्केच होती. ती २०१२ मध्ये ३.५ व २०२० मध्ये ०.५ टक्क्यांवर आली. भारतात एप्रिल २०२० पासून मोटारींच्या डिझेलमध्ये दर दशलक्ष भागांत केवळ १० भाग गंधक चालते, ४.५ टक्के म्हणजे ४५,००० भाग. समुद्रावरील जहाजाने जे इंधन सोडून दिले, ते त्याच्या टाकीतील गाळाच्या रूपाने किनाऱ्यावरील भट्टीत येण्यास नियमाची आडकाठी नाही, असा याचा अर्थ होतो. ज्या चिमणीजवळ वस्ती आहे तिला सवलत आणि जी अरबी समुद्रात आहे तिच्यावर कठोर बंधन, ही मांडणी प्रस्तुत लेखकास तर्कदुष्ट वाटते.

लहान धुराडी

आता पुन्हा रत्नागिरीकडे वळू. न्हावा शेवाच्या तेलाला एक सोय होती : त्याला कंटेनर होता. कंटेनराला क्रमांक असतो, आयातदार असतो, सीमाशुल्क विभागाचा कागद असतो. कागद खोटा असला तरी तो असतो, म्हणून तो खोटा ठरविता येतो. राजापूरच्या एखाद्या गॅरेजच्या मागे ठेवलेल्या दोनशे लिटरच्या पिंपाला असे काहीच नसते. गॅरेजमालक वंगण विकत घेतो तेव्हा पावती होते. काळे तेल भंगारवाल्यास देतो तेव्हा रोख पैसे मिळतात व व्यवहार तेथे संपतो. नियमाच्या दृष्टीने इंजिनातील तेल 'वापरलेले तेल' आहे व ते नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण केंद्राकडेच जावयास हवे. परंतु शुद्धीकरण करणारा व भट्टीवाला हे दोघेही त्याच तेलाचे गिऱ्हाईक आहेत. पहिल्यास संयंत्राचा, परवान्याचा व दूरच्या वाहतुकीचा खर्च भागवून दर द्यावा लागतो. दुसऱ्यास फक्त फर्नेस ऑइलच्या दराहून थोडे कमी द्यावयाचे असते. खनिज तेलाचे जागतिक भाव चढले की भट्टीवाल्याची देण्याची ताकद वाढते. १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनंतर जगभर टाकाऊ तेल जाळण्यास उत्तेजन मिळाले ते याच गणिताने.

या धुराविरुद्ध आंदोलन का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर अज्ञान असे देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. तांबे प्रकल्पाविरुद्ध १९९३ मध्ये रस्त्यावर उतरलेला रत्नागिरीकर अज्ञानी नव्हता. फरक संबंधांचा आहे. मोठा प्रकल्प बाहेरून येतो. त्याचा मालक परका असतो. लहान भट्टीचा मालक वाडीतलाच असतो, तेथील कामगार शेजारचा असतो आणि तेल दिलेले असते आपल्याच गाडीने. काजू कारखान्यांतून टरफले जाळल्याचा झोंबरा धूर कोकणातील गावांनी सोसला तो याच कारणाने. त्या धुरावर घरे चालत होती. अशा धुराविरुद्ध तक्रार करणे म्हणजे गावकीत भांडण उकरणे. शिवाय या धुराने मेलेला माणूस दाखविता येत नाही. बॉयलरवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला दमा झाला तर तो विडीमुळे झाला असे म्हणता येते, आणि अनेकदा विडी खरोखरच असते.

२०१६ साली केंद्र शासनाने पीसीबीच्या निर्मितीस व आयातीस बंदी घालून जुन्या उपकरणांतील त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत संपविण्याची मुदत दिली. रोहित्रांतील जुन्या तेलाचा लिलाव करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेशी या मुदतीचा संबंध आहे. १८ सप्टेंबर २०२३ रोजी घातक कचरा नियमांत आणखी एक दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२४ पासून वंगणतेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी आली. त्यांनी वर्षागणिक वाढत जाणारे उद्दिष्ट नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडून प्रमाणपत्रे घेऊन पूर्ण करावयाचे आहे. प्रस्तुत विषयाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होय, कारण तेलाला आता जन्मदाता मिळाला. आजवर जबाबदारी तेल टाकणाऱ्याची की जाळणाऱ्याची एवढाच वाद होता. बनविणारा त्यात नव्हता. मात्र उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी उत्पादकास तेल जेथे एकगठ्ठा मिळते तेथूनच, म्हणजे मोठे कारखाने, वाहतूक महामंडळे व शहरांतील सेवा केंद्रे येथून, ते गोळा करणे परवडते. किनाऱ्यावरील विखुरलेली पिंपे या साखळीत शेवटी येतील.

रत्नागिरीत मात्र त्यांना साखळीत आणण्याची एक जागा तयार आहे. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, इंजिने उघडली जातात, तेल बदलले जाते. वर्षभरातील बरेचसे काळे तेल या दोन महिन्यांत, ठरावीक बंदरांत, एकाच वेळी निघते. याच नौकांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो आणि त्यासाठी प्रत्येक नौकेने घेतलेल्या डिझेलचा लिटरनिशी हिशेब ठेवला जातो. इंजिनात काय गेले याची वही संस्थेच्या कार्यालयात आहे. इंजिनातून काय निघाले आणि ते कोणी नेले, यासाठी त्याच वहीत आणखी दोन रकाने आखावयास शासनाच्या नव्या अधिसूचनेची गरज नाही. संस्थेच्या वार्षिक सभेत एक ठराव पुरतो.